शेजारी भूत आहे, जपून!

अमेरिकी स्क्वेअर डान्समध्ये चार जोड्या, म्हणजे आठ जण, कॉलर पुकारील तशा जागा बदलतात. (कॉलर शर्टाची नव्हे, हुकूम पुकारणारा!) 'चॅलेंज' पातळीवर मात्र यात भुतंही शिरतात. 'स्प्लिट फँटम लाइन्स' म्हटलं की चार बाय चारच्या 16 जागा मनात आखायच्या: आठ खऱ्या माणसांच्या, आठ नसलेल्यांच्या, म्हणजे भुतांच्या. त्यांचे दोन भाग पाडून प्रत्येकात तोच हुकूम स्वतंत्रपणे पाळायचा. खरी मेख पुढेच आहे. भुतंही हुकूम पाळतात; ती सरकतात, वळतात, त्यांना वाट द्यावी लागते. शेजारचं भूत कुठे गेलं याचा हिशेब एकाचा जरी चुकला, तरी अख्खा चौकोन विस्कटू शकतो. म्हणून काही हौशी मंडळी घरी टेबलावर सोंगट्या सरकवत बसतात.