प्रोसेसरचा वेग आणि संगणकाची कार्यक्षमता

प्रोसेसरचा वेग म्हणजे संगणक, लॅपटॉप, टॅबलेट किंवा मोबाइल फोन यांतील प्रक्रियक, अर्थात प्रोसेसर, ठरावीक वेळात किती काम पार पाडतो याचे माप होय. जाहिरातींत आणि दुकानांतील माहितीपत्रकांत हा वेग बहुधा गिगाहर्ट्झ या एककात दिलेला असतो. हा आकडा जितका मोठा तितके उपकरण चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वापरणाऱ्याला जाणवणारी गती प्रोसेसर, स्मृती, साठवण, इंटरनेट जोडणी आणि सॉफ्टवेअर या सर्वांवर मिळून अवलंबून असते. त्यांपैकी जो घटक सर्वांत मंद असेल तोच बहुतेक वेळा एकूण गती ठरवतो. त्यामुळे नव्या उपकरणातील वेगवान प्रोसेसरचा उपयोग काही कामांत फार मोठा, तर काही कामांत नगण्य असतो.

संकल्पना

प्रोसेसरमधील सर्व हालचाली एका ठरावीक तालावर चालतात. हा ताल देणाऱ्या विद्युत् स्पंदांची दर सेकंदाची संख्या म्हणजे क्लॉक स्पीड. १ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १ स्पंद, १ मेगाहर्ट्झ म्हणजे १० लक्ष स्पंद आणि १ गिगाहर्ट्झ म्हणजे १ अब्ज स्पंद.

केवळ स्पंदांची संख्या मोजून कामाचा अंदाज येत नाही. प्रत्येक स्पंदात प्रोसेसर किती सूचना पूर्ण करतो, हेही पाहावे लागते. समजा, एक प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झ वेगाने चालतो आणि दर स्पंदाला सरासरी २ सूचना पूर्ण करतो. तो सेकंदाला ६ अब्ज सूचना हातावेगळ्या करील. दुसरा प्रोसेसर २ गिगाहर्ट्झचाच आहे, पण दर स्पंदाला ४ सूचना पूर्ण करतो. त्याचे काम सेकंदाला ८ अब्ज सूचना एवढे होईल. कागदावर मंद दिसणारा दुसरा प्रोसेसर येथे अधिक वेगवान ठरतो. म्हणूनच वेगवेगळ्या रचनेच्या किंवा वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरची तुलना केवळ गिगाहर्ट्झच्या आकड्यावरून करता येत नाही.

वेगवाढीचा इतिहास

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये बाजारात आणलेल्या ४००४ या सूक्ष्मप्रक्रियकात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचा कमाल वेग ७४० किलोहर्ट्झ होता. १९८१ मधील आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातील ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे. १९९३ मधील पहिले पेंटियम प्रोसेसर ६० व ६६ मेगाहर्ट्झचे होते. मार्च २००० मध्ये एएमडी आणि तिच्यापाठोपाठ इंटेल या कंपन्यांनी १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला.

या काळात नवा संगणक घेतला की जुने प्रत्येक काम आपोआप जलद होत असे. वेग हीच गुणवत्ता, ही समजूत याच काळात रुजली आणि त्या काळापुरती ती बरीचशी खरीही होती.

या वाढीमागे दोन निरीक्षणे महत्त्वाची मानली जातात. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एका चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल असे भाकीत केले आणि १९७५ मध्ये तो कालावधी २ वर्षांचा केला. रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये असे दाखवले की, ट्रान्झिस्टर लहान करताना त्याला लागणारा विद्युत्-दाबही त्याच प्रमाणात कमी केला, तर तेवढ्याच क्षेत्रफळात, उष्णता न वाढवता, अधिक वेग मिळवता येतो.

मेगाहर्ट्झचा भ्रम

इंटेलने नोव्हेंबर २००० मध्ये आणलेला पेंटियम ४ हा मोठे आकडे गाठण्याच्या दृष्टीनेच रचलेला होता. त्यात एका सूचनेचे काम अनेक लहान टप्प्यांत विभागलेले होते. टप्पे लहान असल्यामुळे स्पंद जलद देता येत. परंतु पुढील सूचनेबाबत प्रोसेसरचा अंदाज चुकला की अर्धवट झालेले बरेचसे काम टाकून द्यावे लागे. परिणामी, काही कामांत कमी मेगाहर्ट्झचे प्रतिस्पर्धी प्रोसेसर त्याची बरोबरी करीत. ॲपल कंपनीने २००१ मध्ये ‘मेगाहर्ट्झचा भ्रम’ हा शब्दप्रयोग प्रचारात वापरला. त्याच वर्षी एएमडीने आपल्या प्रोसेसरच्या नावात प्रत्यक्ष वेगाऐवजी तुलनात्मक क्रमांक देण्यास सुरुवात केली. उदाहरणार्थ, ॲथलॉन एक्सपी १८००+ चा प्रत्यक्ष वेग १.५३ गिगाहर्ट्झ होता.

उष्णतेची मर्यादा आणि अनेक कोअर

प्रोसेसरला लागणारी शक्ती ही क्लॉक स्पीड आणि विद्युत्-दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवण्यासाठी बहुधा दाबही वाढवावा लागतो. दोन्ही २० टक्क्यांनी वाढवल्यास शक्तीचा खर्च सुमारे ७३ टक्क्यांनी वाढतो आणि ती सर्व शक्ती अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ट्रान्झिस्टर एका मर्यादेपलीकडे लहान झाल्यावर विद्युत्-दाब त्याच प्रमाणात कमी करता येईना. डेनार्ड यांचा नियम तेथे थांबला. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना २००४ मध्ये रद्द केली. त्या वर्षी ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचलेला हा आकडा पुढील २० वर्षांत दुप्पटही झाला नाही.

यानंतर एकाच चिपवर अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे प्रक्रियक, बसवण्याचा मार्ग रूढ झाला. अनेक साधे प्रक्रियक एकत्र जोडून मोठी गणनक्षमता मिळवण्याची कल्पना महासंगणकांत आधीपासूनच होती. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेला परम ८००० हा महासंगणक याच तत्त्वावर आधारलेला होता.

मात्र कोअरची संख्या दुप्पट झाली म्हणजे काम निम्म्या वेळात होते असे नाही. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारातून याचे कारण स्पष्ट होते. १० मिनिटांच्या एखाद्या कामापैकी ८ मिनिटांचा भाग वाटून देण्याजोगा आहे आणि २ मिनिटांचा भाग क्रमानेच करावा लागतो, असे मानू. ४ कोअर असल्यास हे काम ४ मिनिटांत होईल, ८ कोअर असल्यास ३ मिनिटांत होईल. परंतु कितीही कोअर जोडले तरी ते २ मिनिटांपेक्षा कमी वेळात होणार नाही.

स्मृती आणि साठवण

हेच तत्त्व संपूर्ण उपकरणालाही लागू पडते. एखादा कार्यक्रम उघडण्यास १० सेकंद लागत असतील आणि त्यांपैकी ८ सेकंद साठवणीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात जात असतील, तर प्रोसेसर दुप्पट वेगवान करूनही एकूण वेळ ९ सेकंदच होतो. साठवणीचा वेळ ८ वरून १ सेकंदावर आणला, तर जुन्याच प्रोसेसरवर तेच काम ३ सेकंदांत होते.

प्रतीक्षेचे हे प्रमाण कल्पनेपेक्षा बरेच मोठे असते. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक स्पंद एका सेकंदाचा आहे असे मानल्यास, रॅममधून माहिती येण्यास सुमारे ४ मिनिटे, एसएसडीमधून येण्यास सुमारे साडेतीन दिवस आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमधून येण्यास साडेअकरा महिन्यांच्या आसपास वेळ लागेल. ही तफावत भरून काढण्यासाठी प्रोसेसरमध्येच कॅश नावाची लहान, अतिजलद स्मृती असते. तरीही रॅम अपुरी पडली की यंत्रणा माहिती वारंवार साठवणीत ठेवते आणि तेथून परत आणते. अशा वेळी प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी तो बहुतांश काळ रिकामाच राहतो. हार्ड डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवून रॅम वाढवल्यास तो नव्यासारखा चालू लागतो, तो यामुळेच.

टॅबलेट आणि लॅपटॉप

पातळ उपकरणांत उष्णता बाहेर टाकण्यास जागा कमी असते. टॅबलेटमध्ये बहुधा पंखा नसतो. त्यामुळे माहितीपत्रकातील कमाल वेग हा थोड्या वेळापुरताच मिळणारा वेग असू शकतो. उपकरण तापले की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. ॲपलने २०२० मध्ये एम१ हाच प्रोसेसर पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये आणि पंखा असलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये वापरला. थोडक्या वेळाच्या कामांत दोन्ही लॅपटॉप जवळजवळ सारखे चालतात. दीर्घकाळ चालणाऱ्या जड कामांत मात्र पंखा असलेला लॅपटॉप पुढे राहतो.

नव्या प्रोसेसरचा लाभ काही वेळा वेगापेक्षा विजेच्या बचतीत अधिक असतो. काम लवकर संपवून प्रोसेसर विश्रांतीच्या अवस्थेत गेला तर बॅटरी जास्त काळ टिकते. चित्रफिती दाखवण्यासाठी नव्या चिपमध्ये स्वतंत्र विभागही असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एव्ही१ सारख्या नव्या पद्धतीने संक्षिप्त केलेली चित्रफीत जुन्या उपकरणाला पूर्णपणे सॉफ्टवेअरच्या आधारे उलगडावी लागते. त्यामुळे ते तापते आणि बॅटरी लवकर संपते.

आकाश टॅबलेटचे उदाहरण

प्रोसेसर अपुरा असला तर काय होते, याचे भारतातील परिचित उदाहरण म्हणजे आकाश टॅबलेट. विद्यार्थ्यांना अल्प किमतीत संगणक मिळावा या उद्देशाने केंद्र सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी या टॅबलेटचे अनावरण केले. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट रॅम आणि दाब दिल्यावर प्रतिसाद देणारा पडदा होता. मंद गती, पडद्याचा प्रतिसाद आणि अल्पकाळ टिकणारी बॅटरी यांबाबत त्यावर टीका झाली. पुढे या प्रकल्पाची जबाबदारी मुंबईच्या आयआयटीकडे आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या आकाश २ मध्ये १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट रॅम आणि हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा पडदा देण्यात आला.

या उदाहरणातून दोन गोष्टी दिसतात. किमान क्षमतेच्या खाली असलेल्या उपकरणात प्रोसेसरचा वेग वाढवणे अत्यावश्यक ठरते. तसेच केवळ प्रोसेसर बदलून भागत नाही. रॅम आणि पडदा हे घटकही सोबत सुधारावे लागतात.

मानवी प्रतीती

संगणकाच्या प्रतिसादास सुमारे ०.१ सेकंदापेक्षा कमी वेळ लागला तर तो तत्काळ मिळाला असे माणसाला वाटते. सुमारे १ सेकंदापर्यंतचा विलंब जाणवतो, पण विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे वळू लागते. जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये या मर्यादा लोकप्रिय केल्या. त्यांचा अर्थ असा की, ०.०८ सेकंदात होणारे काम ०.०४ सेकंदात होऊ लागले तर कसोटीच्या आकड्यांत ते दुप्पट दिसते, पण वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही. याउलट, २० मिनिटांचे काम १० मिनिटांवर आले तर तो फरक प्रत्येक वेळी जाणवतो. देवनागरीत लेखन करणे, पत्रव्यवहार, वाचन, तक्ते भरणे आणि चित्रफिती पाहणे ही कामे पहिल्या प्रकारात मोडतात. चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आरेखन, मोठ्या प्रमाणावरील गणन, मोठ्या सॉफ्टवेअरची बांधणी आणि उपकरणातच चालणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ही कामे दुसऱ्या प्रकारात येतात.

सॉफ्टवेअरचा वाढता भार

निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये असे निरीक्षण नोंदवले की, यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होत जाते. हे निरीक्षण विर्थ यांचा नियम म्हणून ओळखले जाते. प्रोसेसर वेगवान झाला की सॉफ्टवेअर रचणारे त्या वाढीव क्षमतेचा वापर गृहीत धरतात. संकेतस्थळे आणि ॲप अधिक जड होतात आणि पूर्वी पुरेसे असलेले उपकरण काही वर्षांत अपुरे भासू लागते.

उपकरण निरुपयोगी ठरण्याचे कारण प्रत्येक वेळी वेग हेच असते असे नाही. विंडोज ११ साठी प्रोसेसरच्या वेगाची किमान अट केवळ १ गिगाहर्ट्झ आणि २ कोअर अशी आहे. परंतु सुरक्षाविषयक अटी आणि मान्य प्रोसेसरची यादी यांमुळे त्याहून कितीतरी वेगवान असलेले अनेक जुने संगणक वगळले गेले. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे चालू स्थितीतील यंत्रे मोडीत निघण्याचा आणि ई-कचरा वाढण्याचा प्रश्न निर्माण झाला. अशा काही यंत्रांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवून ती वापरात ठेवता येतात.

खरेदीच्या दृष्टीने महत्त्व

मर्यादित रकमेत उपकरण घेताना प्रोसेसरची एक श्रेणी वर जाण्यासाठी दिलेले पैसे अनेकदा रॅम किंवा साठवण कमी करून भरून काढले जातात. शालेय आणि कार्यालयीन वापरात हा व्यवहार बहुधा तोट्याचा ठरतो. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये आणि जवळपास सर्व टॅबलेटमध्ये रॅम मुख्य पटलावरच पक्की जोडलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे खरेदीच्या वेळी झालेली निवड उपकरणाचे आयुष्य संपेपर्यंत कायम राहते. प्रोसेसरचे नाव सारखे असले तरी त्याची पिढी, उपकरणाची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता आणि उत्पादक किती वर्षे सुरक्षा-सुधारणा पुरवणार आहे, या बाबी उपयुक्ततेवर मोठा परिणाम करतात. वापरात असलेले उपकरण मंद झाले असेल, तर त्यातील रॅम, साठवण, बॅटरी, इंटरनेट जोडणी की प्रोसेसर यांपैकी नेमके काय अपुरे पडते हे पाहिल्यावरच नव्या, अधिक वेगवान प्रोसेसरची गरज आहे किंवा नाही हे ठरवता येते.