झोका, पाळणा आणि रोलर कोस्टर

आपल्या सोलापूरचा गड्डा कोणाला ठाऊक नाही? मकरसंक्रांत आली, की श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते. नंदीध्वज निघतात. अक्षता पडतात. गावोगावची माणसे देवाला येतात. दर्शन झाले, की पोरे आईबापांचा हात ओढू लागतात. कुठे? होम मैदानाकडे! तिथे पाळणे असतात ना!

उंच आकाशपाळणा असतो. गोल फिरणारे घोडे असतात. पुढे-मागे झुलणारी मोठी नाव असते. बसताना हसू येते. वर गेले, की पोटात गोळा येतो. आणि उतरले, की पुन्हा बसावेसे वाटते.

असे का होते? एवढ्या वर जाऊन माणूस पडत कसा नाही? हे आज समजून घेऊ. समजले, म्हणजे उगीचची भीती जाते. आणि खरे कशाला भ्यायचे, तेही कळते.

झोक्याची गोष्ट

पंचमीचा झोका आठवा. झोका उंच नेऊन सोडला, की तो आपोआप खाली येतो. त्याला पृथ्वी ओढते. खाली येता येता वेग वाढतो. त्या वेगावर झोका पलीकडे चढतो. पण जिथून सोडला, त्याहून वर तो आपणहून जात नाही. वर न्यायचा, तर कोणीतरी जोर लावला पाहिजे.

मोठ्या करमणुकीच्या बागांत रोलर कोस्टर नावाची गाडी असते. तिचे सारे काम या झोक्यासारखेच. ही गाडी रुळांवरून धावते. पहिल्या चढावर तिला साखळी ओढून नेते. माथ्यावर साखळी सुटते. पुढे बहुतेक गाड्यांना इंजिन नाही, काही नाही! उतारावर वेग येतो. त्या वेगावर गाडी पुढचा चढ चढते. वारा आणि रूळ थोडा वेग खातात. म्हणून पुढचे चढ पहिल्यापेक्षा ठेंगणे ठेवतात.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात कोनी आयलंड नावाची जागा आहे. तिथे १८८४ साली अशी एक गाडी सुरू झाली. तिचा वेग तासाला सुमारे १० किलोमीटर. म्हणजे पळत्या बैलगाडीएवढा! आज आपल्या रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका नावाची बाग आहे. ती २०१३ साली उघडली. तिथली 'नायट्रो' ही गाडी सुमारे १३० फूट उंच जाते. तिचा वेग तासाला १०० किलोमीटरच्या वर आहे.

उलटे होऊनही पडत का नाही?

ही गाडी काही ठिकाणी पुरी उलटी होते. डोके खाली, पाय वर! तरी माणूस पडत नाही.

घरी करून बघा. अर्धी बादली पाणी घ्या. हात लांब करून ती वर-खाली गोल फिरवा, पण जोरात. पाणी सांडत नाही. हळू फिरवाल, तर अंगावर येईल! वेगात निघालेली वस्तू सरळ जाऊ बघते. बादलीचा तळ तिला वळवतो. म्हणून पाणी तळाशी दाबून राहते. गोफणीतला दगडही तसाच. दोरी सोडली, की सरळ सुटतो.

शिवाय या गाडीला रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही चाके असतात. ती रुळाला घट्ट धरून राहतात. आणि माणसाला दांडी किंवा पट्टा धरून ठेवतो.

पोटात गोळा का येतो? एरवी बैठक आपल्याला खालून आधार देते. उतारावर बैठकच खाली जाते. आधार कमी होतो. अंग हलके वाटते. पोटातली आतडीही हलकी होतात. तोच तो गोळा! त्यात अपाय नाही.

मग भ्यायचे कशाला?

ढिल्या खिळ्याला भ्या. जत्रेतले पाळणे एका गावी खोलतात, ट्रकांत भरतात आणि दुसऱ्या गावी जोडतात. दर वेळी एकेक नट-बोल्ट तपासावा लागतो. ते काम मालकाचे. पण आपणही डोळे उघडे ठेवावेत.

बसण्याआधी पाटी वाचा. आता तुम्हाला वाचता येते! किती उंचीच्या मुलाने बसावे, कोणी बसू नये, हे पाटीवर लिहिलेले असते. पाटी नसेल, तर विचारा.

दांडी लावली, की स्वतः ओढून बघा. सुटत असेल, तर लगेच उतरा.

पदर खोचा. ओढणी आणि केस बांधा. चाकात अडकले, तर जिवावर बेतते.

गरोदर बाईने, हृदयाचा किंवा पाठीचा आजार असलेल्याने जोराच्या पाळण्यात बसू नये.

चालू पाळण्यात उभे राहू नका. पुरता थांबेपर्यंत उतरू नका.

आणि एका पाळण्यात जादा माणसे कोंबत असतील, तर बसूच नका. पोर रडेल. रडू द्या. गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवा, म्हणजे हसेल. तिकिटाचे पैसे गेले, तर पुन्हा मिळवता येतात.