भूक आणि संयम : एका जुन्या आरोपाचा निवाडा

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, डोंगराच्या कुशीत असलेल्या कपिलधार येथे संत मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस मराठवाड्यातून व शेजारच्या प्रांतांतून दिंड्या पायी येतात. या वाटचालीत एखादी स्थूल बाई धापा टाकीत मागे राहिली, की तिला हमखास ऐकावे लागते : "मावशी, एवढ्या लांबून चालत आलात तरी अंग काही उतरत नाही, तोंडाला जरा आवर घाला." बोलणाऱ्याचा हेतू पुष्कळदा भला असतो; परंतु ज्या समजुतीच्या आधारावर हे वाक्य उच्चारले जाते ती समजूत निराधार आहे, आणि ती घरीदारी, लग्नकार्यात, फार काय दवाखान्यातही इतक्या वेळा कानी पडते, की तिचा समाचार घेणे आता टाळता येत नाही.

समजूत अशी, की भूक ही मनाची लहर असून ज्याचे मन दुबळे त्याचे शरीर फुगते. वस्तुस्थिती अशी, की भूक हे शरीराचे नियमबद्ध कार्य असून त्याचा कारभार मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाकडे आहे. मेदपेशी लेप्टिन हे संप्रेरक रक्तात सोडून शिल्लक साठ्याची वर्दी तेथे देतात; रिकामे जठर घ्रेलिन सोडून जेवणाचा तगादा लावते; आणि अन्न आतड्यात उतरले, की सीसीके, पीवायवाय व जीएलपी-१ ही संप्रेरके 'आता पुरे' असा निरोप धाडतात. लेप्टिनचा शोध १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला, घ्रेलिनचा १९९९ साली जपानात. ही विद्या नवी आहे, तेव्हा तिची वार्ता गावोगाव पोहोचली नसेल तर तो कोणाचा अपराध नाही. पण ती ठाऊक असूनही जुना आरोप करीत राहणे हा मात्र अपराधच होय.

ज्यांना शंका असेल त्यांनी केंब्रिजच्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला दोन मुलांचा वृत्तान्त पाहावा. आनुवंशिक दोषामुळे त्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ तयारच होत नव्हते आणि त्यांची भूक कशानेही शमत नसे. पुढे त्यांतील मोठ्या मुलीस लेप्टिनची इंजेक्शने सुरू होताच तिची भूक आटोक्यात आली आणि वजनही उतरू लागले. २००७ साली असाच दोष असलेल्या दोन किशोरवयीन रुग्णांना खाद्यपदार्थांची चित्रे दाखविली, तेव्हा पोट भरलेले असो वा रिकामे, जवळजवळ प्रत्येक पदार्थ त्यांना हवाहवासा वाटे; लेप्टिनच्या सात दिवसांच्या उपचारानंतर, जेवण झाल्यावरची ती आसक्ती ओसरली. सात दिवसांत कोणाचे चारित्र्य सुधारत नाही. रक्तातील एक द्रव्य तेवढे बदलले होते. असे रुग्ण विरळा, हे खरे. बहुसंख्य स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्या वर्दीची पुरेशी दखल घेत नाही.

"मग निश्चयाने वजन उतरविणारे कसे उतरवितात, आणि ते परत का चढते?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मेलबर्न येथील २०११ च्या अभ्यासात आहे. ५० स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवले असता त्यांचे वजन सरासरी १३.५ किलो घटले. परंतु वर्ष लोटल्यावरही त्यांचे घ्रेलिन चढलेले, लेप्टिन व पीवायवाय उतरलेले आणि भूक पूर्वीपेक्षा अधिक होती. घटलेले वजन हे शरीर दुष्काळ समजते आणि साठा परत मिळविण्याची तजवीज करते. त्या तजविजीशी अहोरात्र झगडणाऱ्या माणसाला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

अन्नघटकांचाही या कारभारात मोठा हात आहे. प्रथिने तृप्तीची संप्रेरके जोमाने जागवितात. तंतुमय अन्न पचनाची गती मंदावते. ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात, साबुदाण्यात एक ग्रॅमही नसते; म्हणून भाकरी, घट्ट वरण आणि पालेभाजी यांवर माणूस संध्याकाळपर्यंत निभावतो, आणि नुसत्या साबुदाण्यावर त्याला लवकरच काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली २० जणांवर केलेल्या प्रयोगात, समोर मांडलेल्या जेवणातील उष्मांक, साखर, स्निग्धांश व तंतू सारखेच राखूनही, कारखानी अन्नावर असताना तीच माणसे दररोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊ लागली.

आता किरकोळ समजुती.

उपासाने चरबी झडते : तळलेले वडे आणि तुपातली खिचडी यांच्या उपासाने ती वाढण्याचाच संभव अधिक.

चालले की वजन उतरतेच : चालणे हृदयाला व रक्तातील साखरेला निश्चित हितकर आहे, पण आहार न बदलता केवळ त्याने वजन फारसे घटत नाही.

झोपेचा भुकेशी संबंध नाही : २००४ सालच्या शिकागोतील प्रयोगात केवळ दोन रात्री झोप तोडल्याने निरोगी तरुणांचे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि गोडाखारटाची ओढ बळावली.

सडपातळ तो निरोगी : पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा शरीरभार निर्देशांक एकच, २२.३, होता, शरीरातील चरबी मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के.

वजन उतरविणाऱ्या नव्या इंजेक्शनने स्थूलता कायमची जाते : सेमाग्लुटाइड हे असे इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, असा चाचणीचा दाखला आहे.

यावरून प्रयत्न व्यर्थ आहेत असा अर्थ कोणी काढू नये. ताटात डाळ, उसळ व भाजी वाढवावी, पुडीबंद खाणे कमी करावे, पुरेसे झोपावे, आणि शरीरभार निर्देशांक २५ च्या वर असेल तर रक्तदाब व साखर तपासून वैद्यकीय सल्ला घ्यावा. आप्तांना विनंती एवढीच, की घरातील स्थूल माणसाला टोमणे मारणे आजपासून बंद करा. टोमण्याने कोणाचेही घ्रेलिन उतरल्याचा पुरावा नाही.