संगणकावरील नक्षी आणि तिची मालकी

सुरत शहराच्या दक्षिण भागातील पांडेसरा औद्योगिक वसाहत कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. या वसाहतीचा आणि खानदेशाचा ऋणानुबंध जुना आहे. ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्गाने धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे उदरनिर्वाहार्थ उधना, लिंबायत व पांडेसरा येथे येऊन स्थायिक झाली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते, यावरूनच या वस्तीचे प्रमाण ध्यानी यावे. वडील पिढीने यंत्रमागांवर आणि रंगाई-छपाईच्या खात्यांत कष्ट केले. पुढील पिढीतील काही तरुण आता संगणकासमोर बसून साडीचा काठ व पदर रेखाटतात, रंग वेगळे करून छपाईच्या जाळ्यांसाठी फाईल तयार करतात. हातातील कसब बदलले. मात्र त्या कसबाची मालकी कोणाची, हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

पूर्वी नक्षी चोरावयाची तर निदान कागद उचलावा लागे. आज व्हॉट्सॲपवर पाठविलेले एक चित्र सायंकाळपर्यंत दुसऱ्या गिरणीच्या यंत्रावर चढू शकते. एखाद्या रेखनकाराने आठ दिवस खपून केलेली फाईल नमुना म्हणून चार व्यापाऱ्यांना पाठविली, कोणीच खरेदी केली नाही, आणि पुढील महिन्यात तीच फुले बाजारातील साड्यांवर उमटली, तर त्याने दाद कोठे मागावी? याचे उत्तर दोन कायद्यांत विभागलेले आहे व तेच समजून घेणे अगत्याचे आहे.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ अन्वये रेखाचित्र ही कलाकृती होय. तिचा अधिकार ती निर्माण होताच, नोंदणीवाचूनही प्राप्त होतो व कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक माध्यमात कलाकृती साठविणे हेही या अधिकारात स्पष्टपणे अंतर्भूत केले. येथपर्यंत सारे दिलासादायक वाटते. परंतु याच अधिनियमाच्या कलम १५(२) मध्ये अशी तरतूद आहे की, डिझाईन म्हणून नोंदविता येण्याजोगी पण नोंदविलेली नसलेली नक्षी मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेद्वारा ५० हून अधिक वस्तूंवर उतरविली की तिच्यावरील कॉपीराइट संपुष्टात येतो. छपाईयंत्रावर पन्नास साड्या उतरावयास एक पाळीही लागत नाही. म्हणजे साठ वर्षांचे म्हणून ज्याकडे पाहिले जाते ते संरक्षण दुपारच्या जेवणापूर्वीच गळून पडू शकते. फर्निचरच्या कापडावरील नक्ष्यांसंबंधीच्या मायक्रोफायबर्स खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये या तरतुदीचा विस्ताराने ऊहापोह केला. गुजरातमधूनच उद्भवलेल्या क्रायोगॅस प्रकरणात १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही कलाकृती आणि डिझाईन यांतील सीमारेषा ठरविण्याची कसोटी सांगितली.

अशा नक्षीला खरा आधार आहे तो डिझाईन अधिनियम, २००० चा. नोंदणी झाल्यास १० वर्षे व मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण लाभते. मात्र नक्षी नवीन हवी, आणि अर्जापूर्वी ती भारतात वा परदेशात कोठेही प्रसिद्ध झालेली नसावी. आधी बाजारात फिरवून मग नोंदणीला जाणाऱ्याचा अर्ज येथेच अडतो. वस्त्रोद्योगाची अडचण ओळखून कलम १६ ने एक सवलत दिलेली आहे. नोंदणीसाठी योजिलेल्या नव्या कापड-नक्षीची पहिली मागणी गुप्ततेच्या अटीवर स्वीकारली, तर ती प्रसिद्धी समजली जात नाही. ही सवलत खास कापडासाठी आहे, आणि तिचा लाभ घ्यावयाचा तर गुप्ततेची अट लेखी असणे हिताचे. तोंडी शब्द बाजारात चालतो, न्यायालयात तो सिद्ध करावा लागतो.

मालकीची बाब याहून नाजूक आहे. गिरणीत पगारावर काम करणाऱ्याने नोकरीच्या ओघात केलेली कलाकृती, विरुद्ध करार नसल्यास, मालकाची ठरते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचा कॉपीराइट सामान्यतः त्याच्याकडे राहतो व तो लेखी करारानेच हस्तांतरित होतो. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे मानले जाते. डिझाईन अधिनियमाचा नियम नेमका उलट्या दिशेने जातो. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाईनचा मालक ते करवून घेणारा असतो. एकाच फाईलविषयी दोन कायदे दोन माणसांकडे बोट दाखवू शकतात, ही गोष्ट पावतीवर केवळ 'डिझाईनचे पैसे मिळाले' असे लिहून देणाऱ्याने अवश्य ध्यानात घ्यावी.

उल्लंघन झाल्यास प्रत्येक वेळी २५,००० रुपयांपर्यंत, परंतु एका डिझाईनबाबत एकूण ५०,००० रुपयांपर्यंतच रक्कम वसूल करता येते. अन्यथा नुकसानभरपाई व मनाईहुकुमासाठी दावा लावावा लागतो. प्रतिवादीने नोंदणीच्या वैधतेलाच आव्हान दिले तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते. ५०,००० रुपये ही मर्यादा आजच्या उलाढालीच्या मानाने तोकडी आहे, असे म्हणणे भाग आहे. पुराव्याचा नियमही बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंदीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते व त्यात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे गणिती पद्धतीने काढलेली तिची ओळखखूण, नमूद करावयाची असते. यास्तव मूळ थरांसह फाईल व तिच्या पूर्वीच्या आवृत्त्या पुसून न टाकता जपणे हा आता व्यवसायाचाच भाग समजला पाहिजे.

हे सारे शिकण्याची सोय कोठे आहे? केंद्र शासनाची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपूर येथे असून ती या विषयाचे प्रशिक्षण व जागृतीचे कार्य करते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने बौद्धिक संपदा अधिकारांतील पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने उपलब्ध केलेली आहे. जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक पाठ्यक्रम घरबसल्या विनामूल्य करता येतो. पेटंट एजंटाच्या परीक्षेस विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी आवश्यक असल्याने अनेक रेखनकारांना तो मार्ग बंद वाटतो. तथापि स्वतःच्या डिझाईनचा अर्ज स्वतः करण्यास अशी कोणतीही पात्रता लागत नाही. अर्ज ऑनलाईन भरता येतो. डिझाईन विभागाचे मुख्य कार्यालय कोलकाता येथे आहे. अर्ज इंग्रजी वा हिंदीत करावयाचा असल्याने मराठी माध्यमातून शिकलेल्या तरुणांच्या प्रशिक्षणवर्गात कलमांच्या पाठांतरापेक्षा अर्जाचा नमुना प्रत्यक्ष भरणे, नक्षीतील नवीनतेचे निवेदन लिहिणे आणि हस्तांतरणाचा साधा करार तयार करणे, यांसाठी अधिक तास राखून ठेवावे लागतील.