लिबसी५ पासून टी६४ पर्यंत

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला डेबियन या लिनक्स प्रणालीची २.० आवृत्ती आली. दोन्हींचा संबंध काहीच नाही, पण वाशीममध्ये बसून लिनक्स चालवणाऱ्या मला या तारखा सोबतच आठवतात.

डेबियन २.० ने सारा डोलारा लिबसी५ वरून लिबसी६ वर नेला. लिबसी ही जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामच्या पायाशी असलेली लायब्ररी. घरात राहून पाया बदलण्याचे ते काम होते. दोन्ही लायब्रऱ्यांची नावे वेगळी, म्हणून त्या एकाच यंत्रावर नांदू शकल्या. पण पॅकेजेस ठरावीक क्रमानेच बदलावी लागत. क्रम चुकला तर आज्ञा चालवणारा बॅश शेलसुद्धा बंद पडू शके. त्यासाठी 'ऑटोअप' ही स्क्रिप्ट होती. पुढच्या वर्षी डेबियन २.१ सोबत ॲप्ट हे पॅकेज मॅनेजर आले आणि हा क्रम लावायचे काम त्याने अंगावर घेतले. माझ्या मते पॅकेज मॅनेजरच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुधारणा.

पुढे २००५ ते २०११ या काळात डेबियनवरच बेतलेल्या उबंटूच्या सीडी टपालाने फुकट मिळत. लिनक्स घरी आले, पण इंटरनेट संथच. पॅकेजची डेब फाइल पेनड्राइव्हवर आणायची, ती दुसरी मागणार, दुसरी तिसरी. कंटाळून ती बसवणाऱ्या 'डीपीकेजी'वर जबरदस्ती केली की पुढचा प्रत्येक अपग्रेड अडलाच. भारनियमनात मध्येच वीज गेली, तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'ने अर्धवट काम पुरे होई. जबरदस्तीला असा सोपा उतारा नव्हता.

२०२२ मध्ये तोच हट्ट पुन्हा दिसला. उबंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची ३ ही आवृत्ती आली, जुन्या आवृत्तीचे लिबएसएसएल १.१ गेले. जुने प्रोग्राम अडले, तेव्हा अनेकांनी जुन्या आवृत्तीतली फाइल आणून बसवली. ओपनएसएसएलच्या त्या जुन्या १.१.१ मालिकेची मोफत सुरक्षा-दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली. प्रोग्रामच नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधून घेणे हाच खरा उपाय होता.

९ ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये अनेक लायब्रऱ्यांच्या नावाच्या शेवटी 'टी६४' लागले. ३२ बिटांतली वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते, त्याची ही तयारी. नावे बदलल्यामुळे अपग्रेड करताना काढायच्या पॅकेजेसची यादी लांबलचक दिसते. तुमच्या कामाचे एखादे पॅकेज तिच्यात आहे का, हे शेवटच्या ओळीपर्यंत पाहा आणि मगच 'वाय' दाबा.