डोळे धावतात, कान जागेवर

स्थानकात आपली गाडी उभी असते. शेजारची गाडी हळूच सुटते आणि क्षणभर वाटतं, आपलीच निघाली. हा डोळ्यांनी दिलेला चकवा. तासभर रील्स सरकवल्यावर डोकं गरगरतं, मळमळतं, त्यामागेही बऱ्याचदा असाच चकवा असतो.

तोल सांभाळणारं यंत्र अंतर्कर्णात असतं. डोकं वळलं की तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळतं. हा निरोप डोळ्यांच्या आणि मानेच्या निरोपाशी जुळला की मेंदू निर्धास्त. रील्स पाहताना मात्र डोळे म्हणतात ‘धावतोय’, कान म्हणतो ‘जागेवरच आहे’. घाटातल्या एसटीत नेमकं उलटं होतं. वळणं कानाला कळतात, डोळे अक्षरांवर खिळलेले. म्हणून मोबाइल वाचणाऱ्याला खिडकी लवकर गाठावी लागते.

2013 साली ॲपलचं आयओएस 7 आलं, तेव्हा पडद्यावरच्या झूम आणि सरकत्या चित्रांनी मळमळतं अशा तक्रारी झाल्या. त्याच वर्षी कंपनीने ही हालचाल कमी करण्याची सोय वाढवली. अँड्रॉइडमध्येही ॲनिमेशन बंद करता येतं.

मोबाइलच्या लहरींमुळे भोवळ येते, याला मात्र ठोस पुरावा नाही. तासन्‌तास मान वाकवल्याने ती आखडते, दुखते. पण मानेमुळे चक्कर येते का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

आणि कूस बदलताच खोली गरगर फिरली, तर मोबाइलला दोष देण्याची घाई नको. कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे कण जागा सोडून नलिकेत शिरले की असं होतं. रॉबर्ट बारानी यांनी 1921 मध्ये या भोवळीचं वर्णन केलं होतं. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून हे कण जागेवर आणतात; बऱ्याच जणांना एकदोन खेपांतच आराम पडतो. चक्कर येताना बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र थेट रुग्णालय गाठावं.

एरवी उपाय स्थानकातलाच. फलाटाचा खांब दिसला की गाडी सुटल्याचा भास मोडतो. तसंच मोबाइल खाली ठेवून लांबच्या, स्थिर वस्तूकडे पाहावं. डोळ्यांची आणि कानाची साक्ष पुन्हा जुळते.