भिंतीआरपार गेलेला इन्फ्रारेड

वायरलेस नेटवर्कवरच्या प्रबंधात शेवटी एक आलेख असतो. तीन रंगांच्या तीन रेघा असतात आणि वरची रेघ जिंकलेली असते. परीक्षक तो पाहतात आणि पान उलटतात. त्या रेघांच्या मागे काय काय घडलेलं असतं, हे लॅबमध्ये रात्रीपर्यंत बसलेल्यांनाच ठाऊक. बडोद्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले हे किस्से २००४-०५ च्या सुमाराचे आहेत. २.४ गिगाहर्ट्झची उपकरणं मोकळ्या जागेतही विनापरवाना वापरायची मुभा केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्ये दिली. ॲक्सेस पॉइंट तेव्हा महाग होते आणि आमच्या लॅबला एकच मिळाला होता. म्हणून सगळी तुलना सिम्युलेशनवर चालायची.

आमच्या बॅचमधल्या एका मुलीने विषय घेतला तो मुळापासूनचा. वायफायचं ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आलं तेव्हा त्यात भौतिक थराचे तीन पर्याय होते : फ्रीक्वेन्सी हॉपिंग, डायरेक्ट सिक्वेन्स आणि इन्फ्रारेड. तिन्हींचा वेग १ किंवा २ मेगाबिट. मग यांतला सरस कोणता? तिने प्रोग्रॅममध्ये तीन खोल्या मांडल्या, दर खोलीत लॅपटॉप ठेवले, पर्याय बदलत रन मारले. इन्फ्रारेड जिंकला.

शेजारच्या टेबलावरच्या गुजराती मित्राने नकाशा नीट पाहिला आणि ओरडला, “जो, आ तो भींतनी आरपार जाय छे!” खरंच होतं ते. एका खोलीतला प्रकाश दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपपर्यंत बिनदिक्कत पोचत होता. सर आले, दोन मिनिटं पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “अगं, पण तुझ्या प्रोग्रॅममध्ये भिंत आहेच कुठे?”

मग तो प्रोग्रॅम उघडून पाहिला. आम्ही वापरत होतो त्या पॅकेजमध्ये ‘इन्फ्रारेड’ निवडलं की फक्त वेळेचे आकडे बदलत. लहरी रेडिओच्याच राहत. आता हे वेळेचे आकडे म्हणजे काय? वायरलेसमध्ये पॅकेट सोडण्याआधी प्रत्येकाने थोडं थांबायचं असतं. आधी ठरलेला अवकाश आणि मग चिठ्ठी निघेल तितके स्लॉट. हॉपिंगचा स्लॉट ५० मायक्रोसेकंदांचा, डायरेक्ट सिक्वेन्सचा २० चा, इन्फ्रारेडचा ८ चा. चिठ्ठ्या अनुक्रमे ० ते १५, ० ते ३१ आणि ० ते ६३. सरांनी फळ्यावर सरासरी काढून दाखवली : एकटाच लॅपटॉप असला तरी हॉपिंगमध्ये दर पॅकेटमागे ५०० मायक्रोसेकंद वाट पाहण्यात जातात, डायरेक्ट सिक्वेन्समध्ये ३६०, इन्फ्रारेडमध्ये २८० च्या आसपास. आलेखातला विजय एवढ्यातच होता. प्रकाश भिंतीपाशी थांबतो, हे कुणी प्रोग्रॅमला सांगितलंच नव्हतं.

दुसरा किस्सा एनएस-२ चा. हे सिम्युलेटर फुकट मिळायचं, म्हणून देशभर तेच चालायचं. एका मित्राने दहा रन मारून सरासरी काढली आणि दहाही उत्तरं शेवटच्या दशांशापर्यंत सारखी आली. तो खूश. निकाल किती पक्का आहे! खरं कारण असं की यदृच्छ आकड्यांचं बीज आपण बदललं नाही तर एनएस-२ दरवेळी १२३४५ पासूनच सुरुवात करतं. त्याने एकच रन दहादा मारला होता.

याच सिम्युलेटरमध्ये दुसरी गोष्ट दडलेली होती आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. आपण काही बदललं नाही तर त्यातला रेडिओ ९१४ मेगाहर्ट्झचा असतो, ल्युसंटच्या जुन्या वेव्हलॅन कार्डाचा. पल्ला २५० मीटर, चारी दिशांना सारखा, काठावर एकदम तुटणारा. जग २.४ गिगाहर्ट्झवर गेलं होतं आणि आमच्यासारखे कितीतरी जण ९१४ वरच ‘वायफाय’ तपासत होते. अमेरिकेत डार्टमथच्या संशोधकांनी २००३ मध्ये अशा सहा गृहीतकांची यादीच मांडली : जग सपाट आहे, पल्ला वर्तुळाकार आहे, मला तुझं ऐकू येतं म्हणजे तुलाही माझं येतंच, वगैरे.

सरांनी आम्हाला लॅपटॉप आणि तो एकुलता एक ॲक्सेस पॉइंट घेऊन दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात पाठवलं. विटा-चुन्याच्या हातभर जाड भिंती. दुसरी भिंत ओलांडली आणि सिग्नलच्या पट्ट्या गळाल्या. मागच्या खोलीत तर अजब प्रकार : लॅपटॉपला ॲक्सेस पॉइंट ऐकू येत होता, पण लॅपटॉपच्या अशक्त रेडिओचं त्याला काही पोचत नव्हतं. वर्तुळाकार पल्ला आम्ही त्या दिवसापासून सोडला. ज्या शहरात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढून हातांनी काम करत शिकायची सोय केली, तिथे हा धडा वाड्याच्या भिंतीने द्यावा, याचा मला आजही आनंद वाटतो.

त्यानंतर सरांचा दंडक झाला : आधी कागदावर हिशेब, मग रन. १९९९ च्या ८०२.११बी चा वेग ११ मेगाबिट. १५०० बाइटचं पॅकेट त्या वेगाने साधारण १,१०० मायक्रोसेकंदांत जातं. पण त्याच्या आधी १ मेगाबिटने जाणारी १९२ मायक्रोसेकंदांची प्रस्तावना, त्याही आधी थांबणं, शेवटी पोच आणि पोचेची पुन्हा प्रस्तावना. बेरीज १,९०० च्या वर. हाती उरतात सहा मेगाबिट. पॅकेट १०० बाइटचं असेल तर एकसुद्धा उरत नाही. कागदावरचं सहा आणि पडद्यावरचं सहा पहिल्यांदा जुळलं तेव्हा लॅबमध्ये टाळ्या पडल्या होत्या.

जुळलेल्या मांडणीत मग आम्ही एक लॅपटॉप लांब नेऊन १ मेगाबिटवर उतरवला, दुसरा जवळच ११ वर ठेवला. लांबचा मागे पडेल आणि जवळचा सुटेल, असं आम्हाला वाटत होतं. दोघेही ०.८ मेगाबिटवर आले. बोलायची पाळी दोघांना सारखीच मिळते, पण लांबच्याचं एक पॅकेट हवेत बारा हजार मायक्रोसेकंद घेतं आणि तोवर जवळच्याला थांबावं लागतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ मध्येच हे दाखवून दिलं होतं. त्यांचा निबंध सरांनी आम्हाला मुद्दाम नंतर वाचायला दिला. वसतिगृहांत, कचेऱ्यांत वायफाय बसवणारी जाणती मंडळी १ आणि २ मेगाबिटचे जुने दर बंद करून ठेवतात, ते याच हिशेबाने.